लाइनचा दोष

मोजणी तिकडे आठला, म्हणजे इथे साडेसहाला.
आम्ही रात्रपाळी उतरून बसमध्ये,
बूट काढलेले, मोज्यांना स्मेल्टरचा वास.
फलज अल कबाइलच्या वळणावर नेटवर्क आलं
आणि अर्ध्या तासात
रहाट उलटा फिरू लागला.

रहाट म्हणजे आमचं चिन्ह.
आमचं म्हणतो मी, सवयीने.

कॅम्प येईपर्यंत कारणं तयार होती.
मल्लेश म्हणाला, उमेदवार चुकले.
कोणी म्हणालं, मशीन. कोणी म्हणालं, ऊन, लोक बाहेरच पडले नाहीत.
ऊन!
सोहारमध्ये, मे महिन्यात,
एक माणूस रत्नागिरीच्या उन्हाला दोष देत होता.
सलाउद्दीन परकार खिडकीकडे बघत म्हणाला,
सहा महिने आम्हाला शिव्या घातल्यात,
आणि आमची मतं मोजायलाही तुम्हीच पहिले बसलात.
त्यावर कोणी काही बोललं नाही.
मेसमध्ये शफिकुलने विचारलं, कोण गेलं?
सरकार, म्हटलं.
त्याने डाळ जरा जास्त वाढली.

दुपारी मस्कतहून बिवलकरांचा आवाज आला,
ग्रुपवर, साडेचार मिनिटांचा.
आखाती शाखेचे प्रमुख.
आपलं काम लोकांपर्यंत पोचलं नाही, म्हणाले,
चिंतन करू.

मार्चमध्ये हेच आले होते, पांढऱ्या गाडीतून.
टोप्या वाटल्या, हेल्मेटखाली बसेनात.
म्हणाले, तुम्हाला इथून मत देता येत नाही, ठाऊक आहे मला,
पण प्रत्येकामागे घरी पाच मतं आहेत.
दर महिन्याला तुमचा पैसा जातो ना घरी?
मग शब्द का जाऊ नये?

पटलं होतं.
मी त्याच रात्री फोन लावला.
दर्शनाला म्हटलं, रहाट.
ती म्हणाली, हो.
आईला सांग. हो.
धाकट्या वहिनीला, तिच्या माहेरी, पलीकडच्या मोरेंच्या घरात.
हो. हो. हो.
पाच कुठली, अकरा भरली.
वहीत अकरा खुणा करून फोटो पाठवला.
बिवलकरांनी अंगठा पाठवला.
तसाच अंगठा त्यांना मुंबईहून आला असणार,
मुंबईला दिल्लीहून.
अंगठ्यांवर अंगठे रचत
केवढा उंच पक्ष उभा राहिला होता!

आता खाटेवर पडून मी तो हो परत ऐकतोय.
त्याच्याआधी जरासा थांबा होता.
तेव्हा मला तो लाइनचा दोष वाटला.

आणि तो हो तर माझ्या ओळखीचा.
फोरमन विचारतो, हार्नेस तपासला? हो.
पाणी मिळतंय? हो.
ओव्हरटाइमचा हिशेब पटला? हो.
माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात
माझ्या खुशीने आहे,
तशी सहीच आहे माझी.
नऊ वर्षं झाली.
दर महिन्याला फोरमन वर लिहून पाठवतो,
कामगार समाधानी.
त्याचंही काय चुकलं, मी हो म्हटलं होतं.

संध्याकाळी घरी फोन केला.
मत कोणाला दिलंस, हे नाही विचारलं.
ते विचारायचं नसतं, आणि
मला ऐकायचंही नव्हतं.
विचारलं, नळाला पाणी आलं का?

नळ आहे, म्हणाली.
उद्घाटनाचा हार अजून तोटीला आहे,
सुतळी तेवढी राहिलीय.
विहिरीवरून आत्ताच आले मी.

मग म्हणाली,
तुम्ही बरे आहात ना?

हो, म्हटलं मी.

ती थोडी थांबली.
लाइन चांगली होती.